भूमध्य समुद्राकाठी पायी फिरायचंय: चिंक्वे तेर्रेला गाईड घ्यावा का?

कोवळं_ऊन
मंगळवार, सकाळी १०:४२

मंडळी, मदत हवी आहे.

येत्या सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन इटलीला जायचं घाटतंय. रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिसची बसयात्रा दोघांनाही नको. बाबांचं म्हणणं, "बसच्या काचेतून देश बघायचा तर टीव्ही काय वाईट आहे? मला चालायचंय." बाबा ६७, आई ६३. ऐन उमेदीत दोघांनी सह्याद्री पालथा घातलाय, अजूनही रोज सकाळी पर्वती चढून येतात. बाबांचा डावा गुडघा उतरताना कुरकुरतो, चढताना नाही. आईच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, पण कड्याच्या काठाला कठडा नसला की तिला गरगरतं.

शोधता शोधता लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रेपाशी येऊन थांबले. मॉन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला, रिओमाज्जोरे अशी पाच गावं. मधे कडे, कड्यांवर द्राक्षमळे, खाली समुद्र. गाईडसह चालण्याच्या सहली बऱ्याच निघतात. राहणं, सामान पोचवणं, वाटाड्या, रात्रीचं जेवण, सगळं त्यांच्याकडे. किमती बघून मात्र पोटात गोळा आला. तेवढ्यात आम्ही तिघं आपले आपण दुप्पट मुक्काम करू.

मग गाईड घ्यायचा तो नेमका कशासाठी? वाटा सापडत नाहीत का? गुडघ्याला झेपेल असा क्रम कोणता? आणि आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. फोटो बघून "वाव" म्हणणारे प्रतिसाद नकोत, प्रत्यक्ष चाललेल्यांनी लिहा.

---

टवाळ_टिटवी
मंगळवार, सकाळी १०:५१

वाव.

(राहवलं नाही. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.)

---

पाठपिशवी
मंगळवार, सकाळी ११:२०

गाईड अजिबात घेऊ नका. स्पष्टच सांगतो.

तिथे वाट चुकायची म्हटली तरी चुकता येत नाही. दर वळणावर दगडावर नाहीतर झाडावर लाल-पांढरे पट्टे आणि वाटेचा क्रमांक रंगवलेला असतो. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, परत येताना उलटं. पाचही गावांना रेल्वे स्टेशन आहे. या गावांच्या अलीकडचं लेवान्तो ते पलीकडचं ला स्पेत्सिया अशी लोकल दिवसभर धावते आणि दोन गावांमधलं अंतर बहुतेक सगळं बोगद्यातच, चार-पाच मिनिटांत पार होतं. दमलात तर पुढच्या गावात उतरा आणि गाडी पकडा. राष्ट्रीय उद्यानाचं कार्ड काढलंत की वाटांचं तिकीट आणि लोकलचा प्रवास दोन्ही त्यातच. (कार्डाचे प्रकार दोन आहेत. रेल्वेवालं घ्या, नुसतं ट्रेकिंगवालं नको.)

पर्वती चढणाऱ्या माणसांना झेंड्यामागे चालायला लावू नका.

---

मिलानो_मुक्काम
मंगळवार, दुपारी ३:०५

पाठपिशवी, वाट चुकत नाही हे खरं, पण तुम्ही अर्धंच चित्र सांगितलंत.

मी मिलानला राहतो. भारतातून पाहुणे आले की त्यांना घेऊन तिकडे जाणं हे आता घरकाम झालंय. नेटवर सगळीकडे वाचायला मिळतं की 'निळ्या वाटेने' पाचही गावं एका दिवसात होतात. समुद्राच्या अंगाने जाणाऱ्या खालच्या वाटेचं हे नाव. ती सलग अशी आता उरलेलीच नाही. मॉन्तेरोस्सो ते वेर्नात्सा आणि वेर्नात्सा ते कोर्नील्या हे दोन टप्पे चालू असतात, त्यांना तिकीट लागतं. कोर्नील्या ते मानारोला हा खालचा टप्पा दरड आल्यापासून वर्षानुवर्षं बंद आहे. मानारोला ते रिओमाज्जोरे ही ती प्रसिद्ध 'प्रेमाची वाट'. २०१२च्या सप्टेंबरात तिथे दरड कोसळून चार ऑस्ट्रेलियन पर्यटक जखमी झाले आणि ती बंद पडली, ती थेट २०२४ साली उघडली. आता वेळ ठरवून आगाऊ नोंदणी करावी लागते. एक किलोमीटरही नाही, सपाट आहे, वर जाळ्या ठोकल्यात. आईंना कठडा हवा असेल तर या वाटेवर भरपूर आहे. चालण्याचं समाधान मात्र मिळणार नाही, आमच्या पाहुण्यांना तरी मिळालं नाही.

आता गाईडचा प्रश्न. लिगुरियात पावसाचा इशारा रंगांत देतात: पिवळा, नारिंगी, लाल. नारिंगी लागला की वाटा बंद, मग तुमच्या हातात कार्ड असो की आणखी काही. सप्टेंबरच्या पूर्वार्धात हे क्वचित होतं, ऑक्टोबरात बऱ्यापैकी. स्थानिक गाईड असला की आदल्या संध्याकाळीच तो बेत फिरवतो. तुम्ही एकटे असाल तर सकाळी फाटकापाशी जाऊन पाटी वाचता.

पण गाईडचा खरा उपयोग वेगळाच आहे. खालच्या वाटेवर गाईड म्हणजे पैसे पाण्यात, इथे पाठपिशवींना पूर्ण अनुमोदन. तिथे गर्दीच एवढी असते की पुढच्या माणसाच्या टाचा बघत चालायचं. गाईड घ्यायचा तो वरच्या वाटांसाठी. वोलास्त्रा, ग्रोप्पो या डोंगरावरच्या वाड्या, कोर्नील्याच्या वरचे मळे, तिथे. ते मळे कुणाकुणाच्या मालकीचे आहेत, वाटा त्यातूनच जातात, आणि शेतकऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर इटालियनही पुरत नाही, तिथली बोली यावी लागते. ओळखीचा वाटाड्या असेल तर माणूस काम थांबवून बोलतो. नसेल तर तुम्ही आणखी एक टोपीवाले पर्यटक.

म्हणून पूर्ण आठवड्याची सहल घेऊ नका. मुक्काम स्वतः ठरवा आणि एकाच दिवसासाठी परवानाधारक स्थानिक गाईड घ्या. तीन माणसांत तो परवडतो.

---

साठीतली_पायपीट
मंगळवार, सायंकाळी ५:४८

कोवळं_ऊन, तुझ्या आईच्याच वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते.

मी गाईडसह केलं आणि मला पश्चात्ताप नाही. आमच्या गटात सगळे पन्नाशीच्या पुढचे होते. गाईड बाई चाळिशीतली, तिचं चालणं बघून मी शिकले. ती कधीच पुढे पळाली नाही. पायऱ्यांवर दर वळणाला थांबायची, पण "थांबूया" असं न म्हणता काहीतरी दाखवायला थांबायची, कधी झुडूप, कधी भिंत. म्हातारी माणसं थकल्याचं कबूल करत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाबांच्या गुडघ्याचं आता नीट ऐक. तिथल्या चढापेक्षा पायऱ्या वाईट. आणि पायऱ्या म्हणजे पर्वतीसारख्या एकसारख्या नव्हेत. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, कडा घासून गुळगुळीत. गुडघा उतरताना दुखतो ना? मग दिशा उलटी धर. मॉन्तेरोस्सोहून वेर्नात्साला जायचं, वेर्नात्साहून मॉन्तेरोस्सोला नाही. मॉन्तेरोस्सोच्या बाजूचा जिना फार उभा आहे, तो चढताना घ्यायचा. पलीकडे उतार आहे, पण त्यामानाने बरा.

वरच्या मळ्यांसाठीही तेच. बहुतेक लोक मानारोलाहून वोलास्त्राला चढतात आणि कोर्नील्याला उतरतात. तुम्ही कोर्नील्याहून सुरुवात करा. आधी झाडीतून खडा चढ, मग मळ्यांमधून जवळजवळ सपाट वाट, शेवटी वोलास्त्रा. तिथून खाली मानारोलाला छोटी बस जाते. तीत बसा! त्या पायऱ्या बाबांना उतरवू नकोस, कुणी कितीही "बस कशाला, अर्ध्या तासाचं काम" म्हणालं तरी.

कोर्नील्या हे पाचांतलं एकच गाव समुद्रकाठी नाही, शंभरेक मीटर उंच सुळक्यावर बसलंय. स्टेशन खाली, गाव वर. मधे विटांचा नागमोडी जिना, पायऱ्या तीनशे ऐंशीच्या आसपास. तिथेही बस आहे, पण ती लहान आणि गाडी आली की सगळे तिच्यावर तुटून पडतात. तुमच्या घरच्यांना चढ चालतो, तेव्हा सरळ जिना धरा.

आईचं गरगरणं: मळ्यांतली वाट काही ठिकाणी जेमतेम एका माणसापुरती आहे. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला खालचा मळा दीड-दोन माणूस खोल. थेट समुद्रात पडायचं भय नाही, पण नजर मात्र थेट समुद्रातच जाते. मलाही झालं होतं. गाईडने मला भिंतीच्या अंगाला ठेवलं, स्वतः बाहेरच्या अंगाला चालली आणि सांगितलं, "माझ्या पिशवीकडे बघ." तेवढं पुरलं.

---

तासगावकर_बागवाला
मंगळवार, रात्री ९:३०

आमच्या विषयाचा धागा आहे म्हणून लिहितो, एरवी मी वाचनमात्र.

पोरगा तुरीनला शिकतो. त्याच्याकडं गेलो तेव्हा त्यानं तिकडं नेलं. रंगीत घरं, बोटी वगैरे बघून झालं, पण माझा जीव त्या बागेत अडकला. म्हणून सांगतो, तोडणीच्या दिवसांत जा. सप्टेंबर म्हणताय ते बरोबरच आहे.

आपला मांडव डोक्याच्या वर असतो, माणूस खालून उभा चालतो, फवारणीचा ट्रॅक्टर जातो. तिकडं मांडव कमरेएवढा. समुद्राचा खारा वारा लागतो म्हणून वेल जमिनीलगत दाबून ठेवलाय. घड काढायचा तर गुडघ्यावर बसायचं नाहीतर पाठीवर झोपून आत सरकायचं. मी एका म्हाताऱ्याला बघितलं, मांडवाखालून त्याचे नुसते बूट बाहेर दिसत होते. दहा मिनिटांनी क्रेट सरकत बाहेर आलं, मग तो आला. ट्रॅक्टर सोडा, तिथं बैलही उभा राहणार नाही.

माल खाली न्यायला एकच रूळ टाकलाय. रूळाला खालून दाते, त्यावर स्कूटरएवढं इंजिन, मागं दोन-तीन ट्रॉल्या. जवळजवळ उभ्या चढावर फटफट करत चढतं. चालणाऱ्यांची वाट तो रूळ ओलांडून जाते, तेव्हा आवाज आला की थांबायचं आणि त्यांना आधी जाऊ द्यायचं. फोटोसाठी रूळावर बसणारे बघितले, शरम वाटली.

आता बेदाण्याचं. आमच्या तासगाव-सांगलीकडं बेदाणा हा जीव की प्राण. तिकडं बेदाणा करून खात नाहीत, त्याची दारू काढतात. शाक्केत्रा नाव. बोस्को, अल्बारोला, वेर्मेन्तीनो ह्या तीन जाती, त्यात बोस्को मुख्य. निवडक घड सावलीत, वारा खेळेल अशा जागी जाळ्यांवर पसरतात. आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवून पंधरा दिवसांत शेडमधून माल काढतो. ते काहीच लावत नाहीत, नोव्हेंबर उजाडेपर्यंत वाळू देतात. मग मणी हातानं देठापासून सोडवतात. शंभर किलो द्राक्षांमागं तीसेक लिटर निघते. म्हणून लहानशी बाटलीही महाग. भाव ऐकून मी पोराला म्हटलं, बरोबर आहे भाव. उलट कमीच आहे. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

गाईडबद्दल एवढंच सांगतो. पोरगा भाषा बोलत होता म्हणून तो म्हातारा माझ्याशी छाटणीवर बोलला. नसता तर मी नुसते बूट बघून परत आलो असतो.

---

टवाळ_टिटवी
मंगळवार, रात्री ९:४४

बागवाले काका, वाचनमात्र राहू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय, बेदाण्याचा भाव सांगा.

---

गटात_कोंबलेला
बुधवार, सकाळी ८:१५

दुसरी बाजूही येऊ द्या. 'गाईडसह चालण्याची सहल' या नावावर आम्ही एका मोठ्या सहल कंपनीकडे पैसे भरले. नाव घेत नाही. पत्रकात लिहिलं होतं 'कड्यांवरून रमतगमत पदभ्रमण आणि द्राक्षमळ्यांचा अनुभव'. प्रत्यक्षात गट बसभर. पदभ्रमण म्हणजे स्टेशन ते चौक, चौक ते बंदर. द्राक्षमळ्यांचा अनुभव म्हणजे ला स्पेत्सियात एका दुकानात उभ्या उभ्या चाखायला मिळालेले तीन घोट. मॉन्तेरोस्सोच्या वाटेवर जायचं म्हटल्यावर मॅनेजर म्हणाले, "साहेब, विमा नाही."

तेव्हा पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. गटात माणसं किती, रोज किती तास पायी आणि किती मीटर चढ, आणि गाईड कोण. सोबत फिरणारा टूर मॅनेजर म्हणजे गाईड नव्हे. "मध्यम स्वरूपाचे चालणे" असं उत्तर आलं तर समजून जा.

---

मिलानो_मुक्काम
बुधवार, दुपारी १२:४०

यात एक भर. इटलीत डोंगरवाटांवर नेणाऱ्या निसर्ग-गाईडांची संघटना आहे, तिचं सदस्यत्व आणि विमा असतो. विचारलं की ते कार्ड दाखवतात, त्यांना राग येत नाही. शहरातल्या इमारती दाखवणारा गाईड वेगळा आणि हा वेगळा.

आणि बुटांचं सांगायचं राहिलं. स्लीपर, सपाट तळाच्या सँडल घालून वाटेवर गेलात तर दंड होतो. २०१९ साली उद्यानाने तसं जाहीर केलं तेव्हा इटलीभर बातम्या झाल्या होत्या. सुटका पथकाला रोज कुणाच्या तरी मुरगळलेल्या पायासाठी स्ट्रेचर घेऊन धावावं लागत होतं.

---

दगडधोंडे
बुधवार, रात्री १०:१०

मूळचा देवगडचा, पेशाने स्थापत्य अभियंता, म्हणून भिंतींबद्दल लिहितो. वर सगळ्यांनी 'भिंत' म्हटलंय आणि पुढे गेलेत. अहो, तीच तर बघायची गोष्ट आहे!

तो सगळा डोंगर म्हणजे एकावर एक रचलेले गडगे आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता वालुकाश्म दगडावर दगड बसवलेला. गेली हजारेक वर्षं लोक हे रचत आलेत. कड्याला आडवी भिंत घालायची, मागे बारीक दगड भरायचे, त्यामागे टोपलीने आणलेली माती. झाला एक मळा, जेमतेम दोन-चार ओळींचा. मग वर दुसरा. आमच्या बागेतला गडगा गुरं अडवायला असतो, हा डोंगर अडवायला आहे.

यात मेख अशी की अशी भिंत पाणी अडवत नाही, झिरपू देते. सांध्यांतून पाणी निघून गेलं की मागची माती हलकी राहते. पण कुणीतरी दर हिवाळ्यात निखळलेला दगड परत बसवावा लागतो, मुळं काढावी लागतात. ते थांबलं की सांधे बुजतात, मागे पाणी साठतं, भिंतीला पोट सुटतं आणि एका पावसात ती बसते. वरची भिंत खालचीवर, तीही तिच्या खालचीवर.

रेल्वे १८७०च्या दशकात आली, ला स्पेत्सियात आरमाराची गोदी झाली, पोरं नोकरीला गेली, नंतर पर्यटनात गेली. पूर्वीच्या मळ्यांपैकी थोडेच आज कसले जातात, बाकीच्यांवर झुडपं माजलीत. त्यात २५ ऑक्टोबर २०११ चा पाऊस आला. डोंगरापलीकडच्या ब्रुन्यातोत एका दिवसात पाचशे मिलीमीटरच्या वर पडला. वेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सोत दरडींचा चिखल रस्त्यांवरून वाहत आला, वेर्नात्साची मुख्य गल्ली पहिल्या मजल्यापर्यंत भरली, माणसं गेली. हा सगळा दोष पडीक भिंतींचा नव्हता, एवढ्या पावसापुढे कुठलाच डोंगर टिकत नाही. पण न कसलेले डोंगरउतार धोक्याचे हे तिथे लहान पोरालाही कळतं.

१९९७ मध्ये युनेस्कोने शेजारचं पोर्तोवेनेरे गाव आणि बेटांसह हा टापू जागतिक वारशात घेतला, १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. लोकांना वाटतं ते रंगीत घरांसाठी. ते या माणसाने घडवलेल्या उतारांसाठी होतं. कोरडी भिंत रचण्याची कला २०१८ साली वेगळी, अमूर्त वारशाच्या यादीत आली, इटलीसह आठ देशांच्या नावावर.

म्हणून माझा सल्ला: गाईड घ्या, आणि त्याला सांगा, नुकती दुरुस्त केलेली भिंत आणि पोट सुटलेली भिंत शेजारी शेजारी दाखव. नव्या भिंतीचे दगड फिकट दिसतात, शेवाळ नसतं. त्यातून पाणी झिरपल्याची ओली रेघ दिसली तर समजा बांधणारा हुशार.

अवांतर: बांधांवर जागोजागी घायपात आणि फड्या निवडुंग दिसेल. दोन्ही मूळचे अमेरिकेतले, तिकडेही पाहुणेच, आपल्याकडेही.

---

पाठपिशवी
बुधवार, रात्री १०:३३

दगडधोंडे, हा प्रतिसाद आधी वाचला असता तर मी त्या वाटेवरून एवढा झपाझप गेलो नसतो. वाचनखूण साठवली आहे.

तरी पोर्तोवेनेरेची वाट गाईडविना करा म्हणेन. रिओमाज्जोरेहून वर तेलेग्राफोच्या खिंडीपर्यंत, म्हणजे शून्यातून पाचशे मीटर, मग काम्पील्या गाव, मग कड्याच्या धारेने खाली पोर्तोवेनेरेच्या दगडी चर्चपर्यंत. पाच तास धरा. गर्दी नाही, तिकीट नाही. शेवटचा उतार मात्र बाबांसाठी नाही, तिथे खडकांवरून हात टेकत उतरावं लागतं.

---

साठीतली_पायपीट
गुरुवार, सकाळी ७:२०

शेवटचा उतार नको ना, मग काम्पील्यालाच थांबायचं. तिथून ला स्पेत्सियाला बस आहे, फक्त फेऱ्या कमी असतात, वेळ आधी बघून ठेव. म्हणजे चढ सगळा होतो आणि उतार बस करते. बाबांना सांग, ही आपली युक्ती आहे, हार नाही.

---

पोटोबा_आधी
गुरुवार, सकाळी ११:०२

शाकाहारी आईंसाठी (माझ्या सासूबाई जैन, त्यामुळे या विषयात गाईड मीच).

आधी चांगली बातमी. फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस. पातळ पीठ तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून करपरं, आतून मऊ, आपलं जाडसर धिरडं समजा. वर मिरी भुरभुरतात. सासूबाईंनी पहिला घास घेऊन विचारलं होतं, "ओवा नाही घालत का?" फोकाच्चा हा भट्टीतला जाड पावही चालतो, लिगुरियाचा ऑलिव्ह तेलातला असतो. मात्र विचारून घ्या.

पेस्तोचं, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीचं, हे माहेर. त्रोफिए नावाचे पास्त्याचे पिळाचे छोटे तुकडे, त्यासोबत बटाटा आणि फरसबी एकाच भांड्यात उकडतात आणि वर पेस्तो. आईंना आवडेल. पण त्यात लसूण असतो आणि पार्मिजानो चीज असतं, आणि ते वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. अंडं न खाणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. चालतं की नाही हे आईंनाच ठरवू द्या. भाज्यांचे तोर्ता (सारण भरून भाजलेले पाय) मोहात पाडतील, त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. आणि मॉन्तेरोस्सो खारवलेल्या छोट्या मासळीसाठी प्रसिद्ध आहे, ती कुठल्याही हिरव्या चटणीत दडून येते. "मांस नको" म्हटलं की मासा येतो. "मांस नको, मासा नको, अंडं नको" असं तिन्ही सुटं सुटं सांगायचं.

कांदा-लसूण नसलेलं हवं असेल तर मात्र डबा हाच उपाय. आम्ही लेवान्तोला स्वयंपाकघरवाली जागा घेतली, सकाळी थालीपीठं लावून निघायचो. वाटेत पाण्याचे सार्वजनिक नळ गावागावात आहेत, गावांच्या मधे नाहीत. माणशी दीड लिटर तरी बरोबर हवंच.

---

कोवळं_ऊन
गुरुवार, रात्री ८:५५

मंडळी, तुम्ही कमाल केलीत. बाबांनी सगळा धागा वाचून काढला आणि दगडधोंडेंचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. आता त्यांना भिंती बघायच्या आहेत. रंगीत घरांचं नावही निघत नाही.

बेत असा ठरतोय: मुक्काम लेवान्तोला, एकाच जागी, म्हणजे सामान हलवायला नको. मधल्या वारी मॉन्तेरोस्सो ते वेर्नात्सा, सकाळच्या पहिल्या लोकलने जाऊन गर्दीच्या आत. एक दिवस गाईडसह कोर्नील्या ते वोलास्त्रा, मिलानो_मुक्काम यांनी व्यनितून सुचवलेल्या मार्गाने, तोडणी चालू असेल तर ग्रोप्पोच्या सहकारी वायनरीपर्यंत. एक दिवस काम्पील्या आणि बस. 'प्रेमाची वाट' आईच्या हट्टाखातर.

व्हिसाचं काय? दोघांचा पहिलाच शेंगेन आहे.

---

मिलानो_मुक्काम
गुरुवार, रात्री ९:३०

प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो, आताच भेटीची वेळ घ्या. उन्हाळ्यात मिळता मिळत नाही. शुल्क मोठ्यांना ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३० हजार युरोचा हवा. पण त्यापलीकडे एक बघा: पॉलिसीत 'ट्रेकिंग' वगळलेलं नाही ना. स्वस्त पॉलिसींत साहसी खेळांच्या रांगेत ट्रेकिंगही टाकलेलं असतं, आणि वयाच्या अटी वेगळ्या. बाबांचं वय ६७, तेव्हा ते पान वाचल्याशिवाय सही करू नका. वाटेवर काही झालं तर ११२.

---

साठीतली_पायपीट
गुरुवार, रात्री ९:४६

चालायच्या काठ्या मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात विमानतळावर अडवतील. आणि टोकांना रबरी टोप्या लावा. दगडी पायऱ्यांवर धातूचं टोक घसरतं.

---

तासगावकर_बागवाला
गुरुवार, रात्री १०:०५

ताई, वायनरीत गेलात तर वाळत घातलेले घड दाखवा म्हणावं. दाखवतात. आणि बाबांना विचारायला सांगा, ह्या वर्षी वेलीवर भुरी रोग किती होता. कुठल्याही देशातला बागवाला ह्या प्रश्नाला अर्धा तास बोलतो.

---

टवाळ_टिटवी
गुरुवार, रात्री १०:११

मुख्य प्रश्न राहिलाच. शाक्केत्रा आईंना सांगून पाजणार की न सांगता?

---

कोवळं_ऊन
गुरुवार, रात्री १०:२०

तिने आत्ताच हा प्रश्न वाचला. उत्तर: "बेदाण्याचीच आहे ना? मग उपासालाही चालेल."